तीन बोटं

सेतुबालच्या बंदरामागे आमच्या वर्तमानपत्राची कचेरी होती,
वरच्या मजल्यावर.
खाली सार्डिनचे डबे झाळायचे.
फोटो सुकायला टांगले की त्यांनाही मासळीचा वास लागायचा.

अबीलियोंकडे काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन होते.
फोटोवर ठेवून ते सरकवत राहायचे,
जसं कुणी खिडकी हातात घेऊन
तिच्यासाठी घर शोधतंय.

बारा दिवस समुद्रात मासळी नव्हती.
कारखान्याच्या लांब पांढऱ्या भिंतीशी
भोंग्याची वाट बघत एर्मेलिंदा,
डोक्याला रुमाल, हातात संत्रं.
दूर फाटकापाशी दोन शिपाई, एक कुत्रं,
आणि कुणाच्या गच्चीवरची चादर, वाऱ्याने फुगलेली.

आधी उजवी कड झाकली अबीलियोंनी.
तिथे काहीतरी हललेलं होतं, धूसर. असलं कोण ठेवतं?
मग काटकोन फिरू लागले.
बाई नि शिपाई: मला तिच्यासाठी भीती वाटली.
शिपाई गेले, चादर आली,
आता ती कुठूनशी जिंकून आली होती.
चादरही गेली. भिंतच भिंत,
आणि खाली कोपऱ्यात ती, अंगठ्याएवढी.
माझा घसा दाटून आला.
आणि बाई तर तीच. संत्रंही तेच,
सोलायचं राहिलेलं.

"रिकाम्या जागेला वजन असतं," अबीलियो म्हणाले,
"ती माणसावर रेलते.
काप. उजवीकडून तीन बोटं."
मी कापलं. पट्टी टोपलीत गेली.

दुसऱ्या दिवशी गावभर ती बाई.
न्हाव्याने आरशाला चिकटवली.
पाद्री म्हणाला, ही प्रार्थना आहे.
लिस्बनहून कुणी लिहिलं, ही भूक.
खालचा डबे झाळणारा म्हणाला, ही माझी आई.
चेहरा वेगळाय, पण उभं राहणं तिचंच.

संध्याकाळी जिन्यावर लाकडी तळव्यांची खडखड.
एर्मेलिंदाने अंक टेबलावर पसरला.
"झुल्मीरा कुठाय? माझी बहीण?
शेजारीच उभी होती. ही काय, हिची बोटं."

बाहीवर, अगदी कडेला, खरंच होती. तीन.
आम्ही सगळ्यांनी पाहिली होती ती.
मला कापडाची घडी वाटलेली.

"शिपायाच्या मिशीबद्दल काहीतरी बोलत होती ती.
मी हसू दाबत होते, बाबा!
त्याचं तुम्ही हे केलंत."
"आम्हाला वाटलं—"
"वाटणारच. तिला काढल्यावर दुसरं काय वाटणार?"

त्याच आठवड्यात झुल्मीरा
रात्री, डोंगरातून, फ्रान्सच्या वाटेला लागली होती.
पत्र नव्हतं अजून.

टोपली रिकामी झालेली. निगेटिव्ह होती.
लाल दिव्यात, तबकातल्या पाण्यात
आधी कुत्रं उगवलं, मग रुमाल, मग दोघी.
झुल्मीराची बोटं तेवढी स्थिर.
चेहरा म्हणजे धुराचा एक फराटा,
फोटोबाहेर वळलेला.

एर्मेलिंदा बघत राहिली.
मग कुणाला न विचारता तिने काटकोन उचलले.
तिला कुणी शिकवलं नव्हतं.
शिपाई काढले. चादर काढली.
जरा थांबून स्वतःलाही काढलं.
उरली ती पुसट बहीण, चौकटीच्या डाव्या कडेला टेकलेली,
आणि तिच्यापुढे होती नव्हती तेवढी भिंत.

"एवढंच द्या," म्हणाली.
"तिला जायला जागा हवी."

अबीलियोंनी तो तुकडा स्वतः कापला.
पैसे घेतले नाहीत, काही बोललेही नाहीत.

आता मला कुठलाही फोटो दाखवा,
मधल्या माणसाकडे मी सगळ्यात शेवटी बघतो.
आधी कडेकडेने फिरतो,
फाटकापाशी हुंगत फिरणाऱ्या त्या कुत्र्यासारखा.
एखादी बाही. अर्धा खांदा.
एखादी सावली, जिचा माणूस
कुणाच्या तरी टोपलीत आहे.